पहिल्या हाकेला

"तापे, तुझे सासरे चहा घेतात का दूध? विचारून घे व माय," असे स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडले, आणि हाक पुरी व्हायच्या आत आतल्या खोलीतून उत्तर आले, "चहाच. साखर कमी."

ओसरीवरच्या बाजेवर बसलेल्या माझ्या वडिलांनी मान वर केली. तापी कोण, हे त्यांना क्षणभर उमगले नाही. मग उमगले, आणि त्यांनी मांडीवर उघडलेले पंचांग उगाचच मिटले.

आम्ही सांगलीहून भुसावळला आणि तिथून रावेरच्या पुढे, केळीच्या बागांमधून जीपने धक्के खात, तापीकाठच्या त्या गावी आलो होतो ते बारशासाठी. माझा धाकटा भाऊ शशांक याला मुलगी झाली होती. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून बारसेही माहेरी. मी त्या मुलीची एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचे असते, आणि एकदा कानात गेलेले नाव परत काढता येत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या काळी मी एका महाविद्यालयात प्राकृत शिकवत असे. माझे लग्न झालेले नव्हते, त्यामुळे जन्मतः मिळालेले उत्पला हे नाव माझ्यापाशी शाबूत होते.

माझ्या भावजयीचे तसे नव्हते. ती आमच्या घरी आली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तापी चौधरी होती. राहुरीला शेतकी विद्यापीठात ती मातीवर पदवी घेत असताना शशांकची आणि तिची ओळख झाली. शशांक पाटबंधारे खात्यात अभियंता. तिची जात आमची नव्हती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या लग्नाला संमती दिली, एवढेच नव्हे तर स्वतः पुढे होऊन ते लावले, आणि त्याबद्दल त्यांचा सांगलीत सत्कारही झाला. सत्कार योग्यच होता. फक्त लग्नाच्या मांडवात, तांदूळ पसरलेले ताट पुढे आले आणि अंगठीने त्यात वधूचे नवे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा अण्णा शशांकच्या कानाशी वाकले. नदीचे नाव असलेली मुलगी वरू नये, असे एका स्मृतिकाराने म्हटलेले आहे. जात हा अन्याय. तो आपण मोडला. हा तर निव्वळ एक संकेत आहे, तो पाळायला काय हरकत? शशांकने तांदळात 'शर्वरी' लिहिले. माणसाने जातीचा डोंगर ओलांडावा आणि पलीकडच्या नदीपाशी पाय भिजतील म्हणून अडून बसावे, हे मी प्रथमच पाहत होते.

शशांक म्हणजे चंद्र, शर्वरी म्हणजे रात्र. जोडी जमवल्याचा अण्णांना आनंद झाला. पुराणांत तापी ही सूर्याची मुलगी आहे. हे अण्णांना माहीत होते. बहुधा त्या दिवशी आठवले नसावे.

तेव्हापासून सांगलीच्या घरात "शर्वरी" अशी हाक गेली की मध्ये एक रिकामी जागा पडे. मग दुसरी हाक जाई, आणि मग "आले" असे उत्तर येई. आईला वाटे, सुनेला अंमळ कमी ऐकू येते. अण्णांनी एकदा कानाच्या डॉक्टरांचा पत्ताही काढून दिला होता. तिने तो कागद नम्रपणे घेतला आणि डॉक्टरांकडे जाऊनही आली. कान उत्तम असल्याचे तिने सांगितले, आणि पुढेही दुसऱ्या हाकेलाच ओ दिली.

इथे माहेरी ती हाकेच्या आधीच उत्तर देत होती.

दुपार कलल्यावर ओसरीवर नावाचा प्रश्न निघाला. तिचे वडील नामदेवराव दाराशी उकिडवे बसले होते. केळीचे मोठे बागायतदार, पण व्याह्यांसमोर बाजेवर बसायला काही केल्या तयार नव्हते. शशांक खांबाला टेकला होता. आई सुपारी कातरत होती. भावजय बाळाला घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी, अर्ध्या सावलीत बसली होती.

"मी ठरवलेलं आहे," अण्णा म्हणाले. "ऋतंभरा. अर्थ उदात्त, नाद भारदस्त. मात्र उच्चार शुद्ध हवा. उत्तरेतल्यासारखं 'रि' म्हणायचं नाही."

"आपण 'रु' म्हणतो तेही अशुद्धच आहे, अण्णा," मी म्हणाले. "मूळ स्वर दोन हजार वर्षांपूर्वी वारला. आता प्रांतोप्रांती त्याच्या तेराव्याची जेवणं चालू आहेत."

"तुझा उपहास वर्गात ठेव."

"वर्गात तो कुणाला कळत नाही."

भावजयीची आई कस्तुराबाई चहाचे कप घेऊन आली होती. तिने नाव तोंडात घोळवून पाहिले. "रुत... रुतुंबरा. बरं हाय. उंबऱ्यासारखं हाय. पोर घरात राहील."

शशांकला हसू फुटले. अण्णांना फुटले नाही.

"राशीचं अक्षर 'ह' आलंय," आई म्हणाली. "हेमांगी ठेवा, हर्षदा ठेवा. देवाचं अक्षर मोडू नये."

"हर्षदा माझ्या कचेरीत तीन आहेत," शशांक म्हणाला. "नेहा ठेवू या. छोटं आहे, सुटसुटीत आहे, कुठल्याही अर्जावर चटकन लिहिता येतं."

"या वर्षी जन्मलेल्या निम्म्या मुली नेहा असतील," मी म्हणाले. "शाळेत बाईंनी नेहा म्हणून हाक मारली की अर्धा वर्ग उभा राहील."

"मग तू सुचव," शशांक म्हणाला. "इतकी पुस्तकं वाचलीस."

मी काही सुचवले नाही. नावे सुचवणे सोपे असते. ज्या बाईने ते मूल नऊ महिने वाहिले, तिला अजून कुणी विचारले नव्हते, आणि माझ्या आधी हे कुणाच्या लक्षात येते का, ते मी पाहत होते.

"मुलगी तुमची, नाव तुमचं," नामदेवराव म्हणाले. "आम्ही फक्त घुगऱ्या शिजवू."

अण्णांना या शालीनतेने बरे वाटले. ते थोडे सैलावले. "ऋतंभरा कठीण वाटत असेल तर दुसरंही एक मनात आहे. कृष्णा. माझ्या आईचं नाव. सांगलीला शोभतं, घाटावरून रोज दिसतं."

उंबऱ्यावरून भावजयीचा आवाज आला. ती दुपारभरात पहिल्यांदाच बोलत होती. "अण्णा, कृष्णा तर नदी झाली."

"हो. पण ते नाव तिला सासरी मिळालं. लग्नात. स्मृतीचा निषेध वधूच्या जन्मनावाला आहे, सासरच्या नावाला नाही."

"अच्छा," ती म्हणाली. तिने बाळाच्या अंगावरचे दुपटे सारखे केले. "मग आजींचं माहेरचं नाव काय होतं?"

प्रश्न साधा होता, आणि तिने तो साधेपणानेच विचारला होता. अण्णांनी तोंड उघडले. ते सांगलीच्या एका नामांकित शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. वंशावळ त्यांना मागच्या सात पिढ्यांपर्यंत मुखोद्गत होती. सातव्या पिढीतल्या पुरुषाने कुठल्या संस्थानिकाकडे काय काम केले, हेही ते सांगत. त्यांचे तोंड तसेच राहिले.

"ते... कधी निघालंच नाही," ते अखेर म्हणाले.

आईचा अडकित्ता थांबला होता. "माझंही कुठं निघालं," ती सुपारीकडे पाहत म्हणाली. मग अडकित्ता पुन्हा चालू झाला.

अण्णा उठले. "ऋतंभराच ठेवू. उत्पला, उद्या उच्चार जपून."

संध्याकाळी मी आतल्या खोलीत गेले. कोळशाच्या शेगडीवर ओव्याची धुरी चालली होती. बाळ तिच्या मांडीवर मुठी आवळून झोपले होते. मी शेजारी बसले.

"उत्पलाताई," ती म्हणाली, "नाव आत्याच ठेवते ना?"

"आत्याच."

"खरंच आत्या ठेवते, की तोंड तेवढं आत्याचं असतं?"

मला हा प्रश्न विद्यापीठात कुणी विचारला असता तर मी तासभर बोलले असते. मी शक्य तितके थोडक्यात सांगितले. शास्त्रकारांनी नामकरण बापाच्या हाती दिले आहे. त्यात आत्याचा मागमूस नाही. पाळणा, वरवंटा, कानात 'कुर्र', आत्याच्या पाठीत धपाटे, हे सगळे बायकांनी शास्त्राच्या मागल्या दाराने आत आणून बसवले, आणि ते इतके पक्के बसले की आता पुढल्या दाराने येणारे पुरुषही त्याला धर्म म्हणतात.

"म्हणजे तिथं पुस्तक चालत नाही."

"नाही."

"मग तिचं नाव तापी ठेवा."

शेगडीतला एक निखारा फुटला. मी तिच्याकडे पाहिले. तिने आवाज चढवला नव्हता, डोळ्यांत पाणी आणले नव्हते. दुसऱ्या कुणी भाजीची पसंती सांगावी, त्या सुरात ती बोलली होती.

"जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत," मी म्हणाले. हे मी स्वतः मानत होते म्हणून नव्हे. उद्या काय अंगावर येणार आहे ते तिला आजच माहीत असावे म्हणून.

"माहीत आहे."

"शाळेत पोरं चिडवतील. ताप आला, ताप गेला."

"मलाही चिडवलं. मी त्यांना पाण्यात बुडवत असे. हिलाही पोहायला शिकवीन."

"आणि अण्णा?"

"अण्णांशी मी बोलेन. तुम्ही फक्त नाव सांगा. भांडण माझं." मग ती म्हणाली, "माझ्याआधी मायच्या दोन मुली गेल्या. तिसऱ्या वेळी ती नदीवर गेली, ओटी भरली आणि म्हणाली, ही तुझीच, फक्त सांभाळायला माझ्याकडे दे. म्हणून तापी. लग्नानंतर माय वर्षभर ओटी भरायला गेली नाही. नदीला काय सांगू म्हणायची, तुझी पोर सासरी गेली आणि तुझी राहिली नाही?"

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही मला शर्वरी म्हणत होता ना," ती म्हणाली. यात ठपका नव्हता. माहिती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरात पाळणा बांधला. आढ्याला झेंडूची माळ, पाळण्याखाली लुगड्याची घडी, कोपऱ्यात घुगऱ्यांची परात. गावातल्या बायकांनी खोली गच्च भरली होती. पुरुष दाराशी, अण्णा त्यांच्यात सर्वांत पुढे, धूतवस्त्र नेसून, उच्चार ऐकायला कान देऊन. वरवंट्याला कुंची घालून त्याचा गोप्या केला. तो पाळण्याखालून, पाळण्यावरून फिरू लागला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." मग बाळाला पाळण्यात ठेवले आणि बायका मला म्हणाल्या, "चला आत्याबाई."

मी वाकले. बाळाच्या कानाशी 'कुर्र' केले. त्या कानाची पाळी अजून घडी घातल्यासारखी होती. मी नाव सांगितले.

पाठीत धपाटे बसले, चांगले सणसणीत. खानदेशातल्या बायका शेतात काम करतात, हे पाठीला त्या दिवशी कळले.

"मोठ्यांदा सांगा आता," कस्तुराबाई म्हणाली.

"तापी."

बायका हसल्या. "आत्याबाई गडबडल्या. धपाटे जरा जोरात बसले." "आईचं नाव घेतलं वो, लेकीचं घ्या."

"लेकीचंच घेतलं," मी म्हणाले. "तापी शशांक सोवनी."

हसणे विरत गेले. कस्तुराबाईने परातीच्या कडेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"उत्पला," अण्णा दारातून म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतला होता. "हा थट्टेचा प्रसंग नाही."

"थट्टा नाही, अण्णा." हे मी बोलले नाही, भावजय बोलली. ती पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती. "मी सांगितलं त्यांना."

"जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. त्याने आयुष्य तुटतं म्हणतात. तुला भीती नाही?"

"जिवंत माणूस कुठं आहे? तुमच्या घरात तापी कधी आलीच नाही, अण्णा. ती तांदळाच्या ताटापाशीच राहिली. ते नाव तुमच्याकडे रिकामं पडलंय. रिकामं नाव वापरायला कसली भीती?"

नामदेवराव जमिनीकडे पाहत होते. व्याह्यांचा अपमान आपल्या उंबऱ्यावर होतो आहे, की आपल्या मुलीचा सन्मान, हे त्यांना ठरवता येत नसावे.

अण्णांनी शेवटचा आधार शोधला. तो त्यांच्या हाताशीच होता. "नदीच्या नावाच्या मुलीशी विवाह निषिद्ध आहे. उद्या हिच्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"तेव्हा तर फार सोय होईल," ती म्हणाली. "ज्याला ते वाक्य पाठ असेल तो मुलगा आपोआप गळेल. आपल्याला चौकशी करावी लागणार नाही."

एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. कुणीतरी हुंकारले. मी माझ्या आयुष्यात बरेच वादविवाद ऐकले आहेत. काहींमध्ये तलवारीसारखे तर्कही पाहिले आहेत. प्रतिपक्षाचेच शस्त्र घेऊन त्याने मुलीच्या पाळण्याला कुंपण घालताना मी तिलाच पाहिले.

अण्णांनी शशांककडे पाहिले. नदीवर धरणे बांधणाऱ्या माझ्या भावाने कान खाजवला. "मी तांदळात लिहिलं तेव्हा तिला विचारलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "कालही विचारलं नाही. पण आता आत्याने कानात सांगितलंय. ते परत निघत नाही ना?"

तेवढ्यात आई पुढे झाली. माझी आई चाळीस वर्षांच्या संसारात अण्णांच्या शब्दापुढे एक शब्द बोललेली मला आठवत नाही. तिने कुंची घातलेला गोप्या उचलला, पाळण्याखाली वाकली, आणि पलीकडे उभ्या असलेल्या कस्तुराबाईकडे तो धरून म्हणाली, "कुणी तापी घ्या."

कस्तुराबाईने तो दोन्ही हातांनी घेतला. मग तो पाळण्यावरून परत आला आणि खोलीभर बायका म्हणू लागल्या, "कुणी तापी घ्या, कुणी तापी घ्या." अण्णा वळून ओसरीवर गेले. त्यांना घुगऱ्या तिथेच नेऊन दिल्या. त्यांनी त्या खाल्ल्या. अन्नावर राग काढणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

सांगलीला आल्यावर त्यांनी नातीला वर्षभर नाव घेऊन हाक मारली नाही. बाळ, छकुली, चिमणे, अशी भाषेने पुरवलेली सारी पळवाटांची नावे त्यांनी वापरली. हट्टी माणसाकडे शब्दसंग्रह असला तर तो बराच काळ टिकतो. पण मुलगी चालायला लागली. एका सकाळी ती उघड्या फाटकातून रस्त्याकडे निघाली, समोरून दुधाची गाडी येत होती, आणि अंगणात आरामखुर्चीत बसलेल्या माणसापाशी 'बाळ'चे 'चिमणे' करायला वेळ नव्हता.

"तापी!"

मुलगी थबकली. आणि त्याच क्षणी, हाकेचा शेवटचा स्वर अजून हवेत असताना, स्वयंपाकघरातून आवाज आला, "ओ!"

मी त्या दिवशी तिथेच होते. अण्णांनी फाटकाकडे पाहिले आणि मग घराकडे पाहिले. त्यांच्या सुनेच्या कानाची तपासणी त्यांनी करून घेतली होती. कान उत्तम आहेत, हे डॉक्टरांनीही सांगितले होते.

दुपारी मी तिला विचारले, "तुला तुझं नाव परत हवं होतं तर तू मागायचं होतंस. मी भांडले असते."

ती तांदूळ निवडत होती. "परत नको होतं. नोकरी, बँकेचं खातं, रेशनकार्ड, सगळं आता शर्वरीच्या नावावर आहे. शर्वरीशी माझं काही वैर नाही. फक्त ते नाव या घरात मोठ्याने ऐकायचं होतं. रोज. सगळ्यांच्या तोंडून." तिने ताटातला एक खडा बाजूला काढला. "मागितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी ते उपकार म्हणून घेतलं असतं. आता प्रेमाने घेता."

पुढची वर्षे मी सांगलीला जाऊन येऊन असे. घरात दिवसभर ते नाव घेतले जाई: जेवायला ये, अभ्यास कर, झोपाळा मोडू नको. दोघींपैकी कुणीतरी एक ओ देई. कुणाला बोलावले होते, ते नंतर ठरे. शाळेत तिला तापावरून चिडवले. चिडवणारा मुलगा कृष्णेत बुडवला गेला आणि लगेच बाहेरही काढला गेला, असे कळले. अण्णांनी नातीला सूर्याच्या त्या मुलीची पुराणातली कथा स्वतः सांगितली, अनेकदा, आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक लांबवून.

शेवटच्या वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले. नात तेव्हा पुण्याला शिकायला गेली होती. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी वाचत बसले होते. त्यांना काही हवे होते. त्यांनी हात उचलला, दाराकडे पाहिले आणि हाक मारली, "तापी."

मला वाटले, त्यांचे भान सुटते आहे. "ती पुण्याला आहे, अण्णा," मी म्हणाले.

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले.

तोवर आतून ओ आलेली होती.